हैदराबाद पोस्टिंग आणि मुसी नदी



मागचे काही लेख बर्फाचे आणि वाळूचे झाले. या वेळी पीस पोस्टिंगबद्दल लिहितो. गनर मंडळींना हैदराबाद म्हणजे काय ते सांगायला नको. गोळकोंड्याच्या पायथ्याशी असलेल्या आपल्या तोफखाना केंद्रातून किती पिढ्या शिपाई होऊन बाहेर पडल्या! मी १९९९ ते २००२ तिथे उस्ताद होतो. फॅमिली क्वार्टर मिळालं होतं, मुलं शाळेत, बायको खूश. केंद्रापासून लंगर हौज जवळच, आणि लंगर हौजच्या खाली मुसी नदी. वारा फिरला की सकाळच्या पीटीला तिचा वास यायचा. नवे रिक्रुट नाक मुरडायचे. जुने उस्ताद म्हणायचे, "आठ दिवसांत सवय होईल."

मी कृष्णाकाठचा माणूस. वाळवा तालुक्यात नदी म्हणजे पोहायला शिकायची, गुरं धुवायची, आणि पूर आला की घर सोडायची जागा. वास येणारी नदी पचायला मला वेळ लागला. शिवाय ही मुसी पुढे जाऊन आमच्या कृष्णेलाच मिळते, हे नकाशात पाहिलं तेव्हा तिच्याबद्दल वाचायला लागलो. केंद्राच्या लायब्ररीत, शहरातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात, पुढे निवृत्तीनंतरही जे जे मिळालं ते वाचत गेलो. त्यातून जे कळलं ते लिहितो. लेख लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी भूगोल. हैदराबादच्या पश्चिमेला साधारण नव्वद किलोमीटरवर विकाराबादजवळ अनंतगिरीचे डोंगर आहेत. तिथे मुसी उगम पावते. जुन्या कथांमध्ये तिचं नाव मुचकुंदा. दुसरा फाटा ईसी. दोघी लंगर हौजच्या बापू घाटापाशी एकत्र येतात. १९४८ मध्ये गांधीजींच्या अस्थी याच संगमात सोडल्या होत्या, म्हणून बापू घाट. तिथून नदी जुन्या शहराच्या मधोमध जाते, अंबरपेठ, उप्पल करत पूर्वेला नलगोंड्याकडे वळते आणि सुमारे २४० किलोमीटर वाहून वाडपल्लीला कृष्णेत जाते.

शहर मुळात नदीसाठीच इथे आलं. गोळकोंड्याच्या किल्ल्यात माणसं मावेनात, पाणी पुरेना, म्हणून कुतुबशाही मुसीच्या पलीकडे सरकली. १५७८ मध्ये पुराना पूल बांधला, १५९१ मध्ये चारमिनार. त्याआधीच १५६२ च्या सुमारास हुसेन सागर झाला होता. दख्खनच्या खडकाळ पठारावर बारमाही पाणी नाही, म्हणून राजांनी आणि गावांनी शेकडो वर्षं एकच काम केलं, ओढा दिसला की त्यावर बांध घातला. मोठं तळं म्हणजे चेरुवु, लहान म्हणजे कुंटा. एकाचा सांडवा दुसऱ्यात, दुसऱ्याचा तिसऱ्यात, अशी माळ. सोलापूर, उस्मानाबादकडच्या वाचकांना ही पद्धत लगेच समजेल.

आता १९०८ सालाकडे या. हैदराबादच्या इतिहासात या सालाआधीचं आणि नंतरचं असे दोन भाग पडतात.

सप्टेंबर अखेरीस बंगालच्या उपसागरावरून आलेलं वादळी पावसाचं क्षेत्र मुसीच्या पाणलोटावर थांबलं. शमशाबादला चोवीस तासांत १२.८ इंच आणि अठ्ठेचाळीस तासांत जवळपास १९ इंच पाऊस पडला. वर सांगितलेली तळ्यांची माळ तुटायला लागली. वरचं तळं फुटलं की त्याचं पाणी एकदम खालच्यावर, ते फुटलं की दोघांचं पाणी तिसऱ्यावर. नंतर मोजदाद झाली तेव्हा पाणलोटातल्या ७८८ तळ्यांपैकी २२१ फुटलेली निघाली. २८ सप्टेंबरच्या पहाटे हे सगळं पाणी शहरात शिरलं. पूल वाहून गेले, पुराना पूल मात्र टिकला. मृतांचे अंदाज वेगवेगळे आहेत, पंधरा हजार हा आकडा नेहमी सांगितला जातो. त्या वेळी शहराची लोकसंख्या पाच लाखांच्या आतबाहेर होती.

अफझलगंजच्या इस्पितळाच्या बागेत एक चिंचेचं झाड होतं. दीडशेच्या आसपास माणसं त्यावर चढून वाचली. झाड अजून आहे, आताच्या उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात. मी बायको-मुलांना घेऊन मुद्दाम बघायला गेलो होतो. चारमिनार बघणाऱ्या शंभर जणांतला एकही तिकडे जात नाही. उर्दू शायर अमजद हैदराबादी यांची आई, बायको आणि मुलगी त्या पुरात त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. त्यांनी त्यावर लिहिलेल्या कवितेचं नाव 'कयामत-ए-सुगरा', म्हणजे धाकटा प्रलय. सहावे निजाम महबूब अली खान यांनी नदीकाठी येऊन हिंदू रीतीने मुसीची पूजा केली, असं शहरात अजून सांगतात. खरं-खोटं देव जाणे, पण लोकांना ती गोष्ट सांगावीशी वाटते यातच बरंच आलं.

पुढचं काम करायला निजाम सरकारने बोलावलं मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना. आपल्याकडे त्यांना म्हैसूरचे म्हणून ओळखतात, पण त्यांचं इंजिनिअरिंगचं शिक्षण पुण्याचं. नोकरीची सुरुवात १८८४ मध्ये मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात, नाशिक आणि खानदेशात. खडकवासल्याच्या सांडव्यावर त्यांनी आपोआप उघडणारी दारं बसवली ती १९०३ साली. म्हणजे हैदराबादला गेलेलं डोकं मुठेच्या आणि पांझरेच्या पाण्यावर तयार झालेलं होतं. मुंबई सरकारची नोकरी सोडून ते युरोपच्या प्रवासाला गेले होते, तिथे निजामाचं बोलावणं पोचलं. १९०९ मध्ये ते हैदराबादला आले.

त्यांचं म्हणणं मला एखाद्या चांगल्या बॅटरी कमांडरच्या अ‍ॅप्रिसिएशनसारखं वाटतं. शत्रू शहरात शिरल्यावर लढायचं नाही, त्याला शहराबाहेर, पुढे जाऊन अडवायचं. नदीच्या दोन्ही फाट्यांवर शहराच्या वरच्या अंगाला दोन मोठी धरणं बांधा. पूर आला तर पाणी तिथे साठवा आणि नंतर शहराला झेपेल एवढं हळूहळू सोडा. शहरातल्या काठांना भिंती घाला, मागे बागा आणि रस्ते करा, मैला गटारातून शहराबाहेर न्या. मुसीवर उस्मान सागर १९२० मध्ये पुरा झाला, त्यालाच लोक गंडीपेठ म्हणतात. ईसीवर हिमायत सागर १९२७ मध्ये. एकात ३.९ टीएमसी पाणी मावतं, दुसऱ्यात तीनला थोडं कमी. या कामांत हैदराबादचेच एक इंजिनिअर नवाब अली नवाज जंग यांचा मोठा वाटा होता. त्यांचा जन्मदिवस तेलंगणात आज अभियंता दिन म्हणून पाळतात.

आणि नदीचा काठ कसा झाला होता बघा. हायकोर्ट, उस्मानिया रुग्णालय, सिटी कॉलेज, पुढे मोठं ग्रंथालय, शहरातल्या सगळ्यात देखण्या इमारती मुसीच्या काठावर उभ्या राहिल्या. ज्या नदीने हजारो माणसं नेली, तिच्याकडे पाठ करून नाही, तोंड करून. पूर अडवायला बांधलेल्या दोन तलावांतून शहराला प्यायचं पाणीही मिळायला लागलं. उस्मान सागरचं पाणी बांधीव कालव्यातून उताराने आसिफनगरच्या गाळण केंद्रात यायचं, त्याला पंप लागायचा नाही. गंडीपेठचं पाणी प्यालेला माणूस हैदराबाद सोडत नाही, अशी म्हण तिथे आहे.

१९०८ च्या तडाख्यानंतर शहराने नदीशी नीट वागायला शिकलं. मग हीच नदी पुढच्या साठ-सत्तर वर्षांत अशी का झाली? लोक म्हणतात लोकसंख्या वाढली, कारखाने आले. ते खरंच आहे. पण मला वाटतं खरी गोष्ट दुसरी आहे. शहराने मुसीचं पाणी प्यायचं हळूहळू सोडलं. ज्या विहिरीचं पाणी आपण पितो तिच्यात कोणी थुंकलं तर गाव भांडायला उठतं. विहीर वापरात नसली की तिच्यात कचरा पडतो आणि कोणी विचारत नाही. मुसीचं तेच झालं.

तारखा बघा. १९६५ मध्ये मांजरेचं पाणी हैदराबादला आलं. ही मांजरा आपली, बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरात उगम पावणारी, लातूरवरून जाणारी. पुढे सिंगूर धरण झालं आणि तिचं आणखी पाणी शहराकडे वळलं. २००४ मध्ये कृष्णेचं पाणी आलं, शंभर किलोमीटरहून जास्त अंतरावरून, नागार्जुन सागरातून पंपाने चढवून. २०१५ च्या शेवटी गोदावरीचं, त्याहूनही लांबून. एकेका नदीगणिक गंडीपेठचं महत्त्व कमी होत गेलं.

इथे जरा फाटा फोडतो, मराठी वाचकांसाठी. २०१५-१६ च्या दुष्काळात मांजरा आटली. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं ते सगळ्यांना आठवत असेल. ते पाणी कृष्णेचं होतं. त्याच दुष्काळात खाली सिंगूरही आटलं आणि मांजरेवर विसंबलेलं हैदराबाद कृष्णा-गोदावरीवर जगलं. म्हणजे एका नदीच्या वरच्या आणि खालच्या टोकाची दोन शहरं एकाच उन्हाळ्यात दुसऱ्या नद्यांच्या पाण्यावर तगली. हैदराबादच्या बाबतीत तर आणखी गंमत आहे. शहर कृष्णेचं पाणी नागार्जुन सागरातून, म्हणजे वरच्या बाजूने उचलतं, आणि वापरून झाल्यावर मुसीवाटे वाडपल्लीला, म्हणजे धरणाच्या खालच्या बाजूला, कृष्णेत परत सोडतं. खालच्यांनी काय करायचं ते खालच्यांनी बघावं.

आता घाण कुठून येते ते सांगतो. शहराची मैलावाहिनी १९३१ च्या सुमारास झाली तेव्हा ती पाच लाखांच्या आतल्या वस्तीचा हिशेब धरून केलेली होती. २०११ च्या जनगणनेत महापालिकेच्या हद्दीत ६८ लाखांच्या आसपास माणसं होती, आज शहर एक कोटीच्या घरात धरतात. गटारं जिथे पोचली नाहीत तिथल्या वस्त्यांनी मैला ओढ्यात सोडला आणि ओढा मुसीत. एके काळी तळ्यातून तळ्यात पावसाचं पाणी नेणाऱ्या वाटा त्याच राहिल्या, फक्त त्यांतून जाणारा माल बदलला. उत्तरेकडे बालानगर, जीडीमेटला हा कारखान्यांचा पट्टा. तिथलं पाणी कुकटपल्ली नाल्याने हुसेन सागरात आणि तिथून मुसीत यायचं.

औषधांचे कारखाने हा हैदराबादचा मोठा धंदा. साठच्या दशकात सरकारी औषध कंपनी बालानगरला आली, तिथे शिकलेल्या माणसांनी पुढे आपापले कारखाने काढले, पटानचेरूचा पट्टा उभा राहिला. फौजी वाचकांसाठी सांगतो, सप्टेंबर १९४८ मध्ये ऑपरेशन पोलोच्या वेळी आपली आर्मर्ड डिव्हिजन सोलापूरहून नळदुर्ग, जहीराबाद करत ज्या रस्त्याने हैदराबादवर आली, त्याच रस्त्यावर हे पटानचेरू. तिथल्या ओढ्याचं पाणी मुळात मुसीचं नाही, ते नक्कावागू नावाच्या ओढ्याने मांजरेकडे जातं. पण मांजरा म्हणजे शहराचं पिण्याचं पाणी! तेव्हा बोंब झाली, खटले झाले, आणि शेवटी पटानचेरूच्या सामायिक केंद्रातलं प्रक्रिया केलेलं पाणी अठरा किलोमीटर पाइपलाइन टाकून अंबरपेठच्या मैलाशुद्धी केंद्राकडे, म्हणजे मुसीकडे वळवलं. प्यायच्या नदीतून काढायचं आणि न प्यायच्या नदीत टाकायचं. माझ्या वरच्या म्हणण्याला याहून स्पष्ट दाखला मला दुसरा सापडला नाही.

त्या पाण्यात काय होतं? २००७ मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी पटानचेरूच्या त्या केंद्रातून प्रक्रिया होऊन बाहेर पडणारं पाणी तपासलं. त्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत निघालं. एमआय रूममध्ये जुलाबावर, लघवीच्या जळजळीवर ज्या गोळ्या मिळायच्या त्यातलंच हे औषध. गोळी घेतल्यावर आपल्या रक्तात जेवढं औषध असतं त्यापेक्षा जास्त त्या सांडपाण्यात होतं. अशा पाण्यात रोज राहणारे जंतू त्या औषधाला सरावतात आणि मग तीच गोळी माणसाला लागू पडत नाही. सरावलेला जंतू नदीपाशी थांबत नाही, तो माणसांबरोबर, जनावरांबरोबर सगळीकडे जातो.

नदीचं पाणी वाया जातं असं मात्र समजू नका. अंबरपेठ, उप्पलच्या खाली काठावर मैलोन्‌मैल हिरवंगार गवत दिसतं. पॅरा गवत म्हणतात त्याला. वर्षभर सांडपाणी मिळतं, त्यामुळे खताचा खर्च नाही, वर्षातून कितीतरी कापण्या होतात. शहरातल्या म्हशी याच गवतावर. आमच्या लाइनीत दूध घालणारा चाचा अभिमानाने सांगायचा, "साब, मुसी का चारा है, भैंस दिल से खाती है।" मी दूध बंद केलं नाही. मुलं लहान होती आणि पाकिटातल्या दुधाची म्हैस तरी काय खात होती कोणाला माहीत? खालच्या अंगाला भाताची शेती, निजामाच्या काळापासूनचे बंधारे, पुढे सूर्यापेठजवळचा मुसी प्रकल्प. पूर्वी उन्हाळ्यात कोरडी पडणारी नदी आता शहराच्या सांडपाण्यावर बारमाही वाहते. तिथल्या शेतकऱ्याला नदी साफ व्हावी असं वाटतं आणि नदी आटू नये असंही वाटतं. त्याचं काय चुकलं?

पक्षीही तसेच. मला सुट्टीच्या दिवशी दुर्बीण घेऊन काठावर जायचा नाद होता. लांब लाल पायांचे शेकाटे त्या काळ्या पाण्यात शेकड्यांनी असायचे, गायबगळे, धोबी, ढोकऱ्या. मैल्याच्या चिखलात अळ्या भरपूर, त्यांना खाणाऱ्यांची चंगळ. मासे धरून खाणारा खंड्या मात्र बापू घाटाच्या खाली मला क्वचितच दिसला. गंडीपेठच्या वर गेलं की तोच खंड्या तारेतारेवर. एकाच नदीवर वीस किलोमीटरच्या अंतरात पाखरांची पूर्ण वेगळी फौज. पाण्याचा रिपोर्ट वाचायला लॅब लागतेच असं नाही.

हा वरचा भाग अजून शिल्लक होता, आणि तो आपोआप शिल्लक राहिला नव्हता. ८ मार्च १९९६ रोजी आंध्र सरकारने एक आदेश काढला. त्याचा क्रमांक १११, हैदराबादेत त्याला सगळे 'ट्रिपल वन' म्हणतात. दोन्ही तलावांच्या दहा किलोमीटर परिसरातल्या ८४ गावांत प्रदूषण करणारे कारखाने, मोठी हॉटेलं, मोठ्या वसाहती नकोत. पुढे एरंडेल तेलावर प्रक्रिया करणाऱ्या एका कारखान्याला खास सवलत द्यायचं सरकारने ठरवलं, तेव्हा प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. १ डिसेंबर २००० च्या निकालात कोर्टाने अशी सवलत देता येणार नाही असं ठरवलं. त्याच खटल्यातल्या १९९९ च्या निकालात कोर्टाने म्हटलं होतं की नुकसान होणार नाही हे दाखवायची जबाबदारी कारखाना काढणाऱ्यावर. पुढे देशभर पर्यावरणाच्या खटल्यांत हा निकाल सांगितला जातो. मी तेव्हा तिथेच होतो, पण पेपरात वाचून त्याचं वजन तेव्हा लक्षात आलं नव्हतं, आणि येण्यासारखंही नव्हतं. शहर तेव्हा गंडीपेठपासून बरंच लांब होतं.

मग शहर तिकडे पोचलं. दुर्गम चेरुवु, ज्यातून एके काळी गोळकोंड्याला पाणी जायचं, त्याच्या काठावर आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारती आल्या आणि २०२० मध्ये केबलचा पूल. २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाला तो शमशाबादला. तेच शमशाबाद, जिथे १९०८ मध्ये १९ इंच पाऊस मोजला होता. बाहेरचा रिंग रोड आला. चेवेल्ल्याच्या वाटेवर, म्हणजे विजापूर रस्त्यावर, दोन्ही बाजूंना नऊशेच्या वर जुने वड आहेत. रस्ता रुंद करायचा निघाला तेव्हा लोक त्या वडांसाठी हरित लवादात गेले. ही सगळी झाडं, माळ, मोठमोठे गोल खडक, खडकांच्या बेचक्यांत साठणारं पाणी, हाच तो पाणलोट. खडक फोडून सपाट केला आणि वर सिमेंट घातलं की तिथे पडलेला पाऊस थांबत नाही. शिवाय तलावांकडे येणारे ओढे बुजले, विहिरी-बोअर वाढले, त्यामुळे पाऊस फारसा न घटताही तलावांची आवक घटत गेली, असं अभ्यासकांनी दाखवलं आहे. आवक घटली की म्हणायला सोपं, तलाव आता कामाचे नाहीत.

आणि तसंच झालं. १२ एप्रिल २०२२ ला तेलंगणा सरकारने ६९ क्रमांकाचा आदेश काढून ट्रिपल वनची बंधनं उठवायचं ठरवलं. कारण काय दिलं? शहर आता पिण्याच्या पाण्यासाठी या दोन तलावांवर अवलंबून नाही. पुढच्या वर्षी मंत्रिमंडळाने तो जुना आदेश पूर्ण रद्द करण्याचा निर्णय जाहीर केला. लोक कोर्टात गेले. त्या ८४ गावांची बाजूही ऐकायला हवी. शेजारच्या गावात एकराला कोटींनी भाव आणि आपल्या गावात बंधन, मुलीचं लग्न काढलं तर जमीन मातीमोल. पंचवीस वर्षं शहराच्या पाण्यासाठी ज्यांनी हे सोसलं त्यांना शहराने काय दिलं? पाणी राखणाऱ्या गावाला त्याचा मोबदला द्यायचा विचार कोणत्याच सरकारने गंभीरपणे केला नाही, आणि माझ्या मते या आदेशाची खरी कमजोर जागा तीच होती.

पण दोन तलाव पिण्यासाठी बांधले होते हेच मुळात अर्धं खरं. ते पुरासाठी बांधले होते. १९०८ आठवणारी माणसं गेली आणि तलावांचं मुख्य काम कागदावरून पुसलं गेलं.

मी तिथे असताना २४ ऑगस्ट २००० ला एका दिवसात २४ सेंटीमीटर पाऊस झाला. मुसीला मोठा पूर आला नव्हता तरी शहर बुडालं, कारण शहरातलं पाणी नदीपर्यंत जायच्या वाटाच उरल्या नव्हत्या. मासाब टँक नावाच्या भागात टँक नाही, आणि अशी नावं गावभर. ऑक्टोबर २०२० मध्ये पुन्हा तसाच पाऊस. जुन्या शहराच्या दक्षिणेला पल्ले चेरुवु आणि गुर्रम चेरुवु या तळ्यांचे बांध फुटले आणि खालच्या वस्त्यांत पाणी शिरलं. १९०८ ची तीच तऱ्हा, फक्त त्या वेळी तळ्यांखाली शेतं होती. आणि २०२५ च्या सप्टेंबर अखेरीस दोन्ही सागरांचे दरवाजे उघडावे लागले, तेव्हा मुसीचं पाणी महात्मा गांधी बस स्थानकात शिरलं. रात्री प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. नांदेड, लातूरच्या गाड्या पकडायला आपले लोक तिथेच जातात. ते स्थानक नदीच्या पात्रातच बांधलेलं आहे. जागेचं जुनं नाव इमलीबन, चिंचांचं बन.

आता मुसीचा काठ सुंदर करायची मोठी योजना चालू आहे. २०२४ पासून पात्रातली घरं पाडायचं काम सुरू झालं, गरिबांची आधी, हे सांगायला नको. पात्र मोकळं व्हायला हवं याबद्दल माझं दुमत नाही. पण केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीत हैदराबाद ते नलगोंडा हा मुसीचा पट्टा देशातल्या सगळ्यात दूषित, पहिल्या प्राधान्याच्या पट्ट्यांमध्ये आहे. तिथे काठावर दिवे आणि कारंजी लावण्याआधी वरच्या ८४ गावांचं काय करणार हे ठरायला हवं. विश्वेश्वरय्यांनी काम वरून सुरू केलं होतं आणि काठाच्या बागा त्यानंतर.

आपल्यापैकी जे १९७० किंवा ८० च्या दशकात गोळकोंड्याला होते, त्यांच्याकडे लंगर हौज, बापू घाट किंवा गंडीपेठच्या पिकनिकचे जुने फोटो असतील तर जरूर पाठवा. मागे नदी दिसत असेल तर फारच चांगलं. नागपूरच्या एका जुन्या सुबेदार मेजर साहेबांनी मला फोनवर सांगितलं की त्यांच्या वेळी रिक्रुट रविवारी संगमावर कपडे धुवायला जायचे आणि पाण्यात तळ दिसायचा. तो फोटो त्यांच्या ट्रंकेत कुठेतरी आहे म्हणाले, शोधतो म्हणाले.

पुढच्या लेखात बबीनाच्या रेंजवरची एक गोष्ट.

जय हिंद.